फियाटला सलाईन

खंबाटकीचा घाट गाडीला खरं बोलायला लावतो. पुणे सोडल्यापासून शिरवळपर्यंत आमची फियाट अशी काही चालली होती, की शेजारून जाणारे मोबाइल काढून तिचे फोटो घेत होते. साठाचा वेग, चारी खिडक्या उघड्या, मागच्या सीटवर पोरगी झोपलेली. खंडाळा मागे पडलं, चढ लागला. पहिलं वळण ती गुमान चढली. दुसऱ्या वळणावर एक हिसका दिला, जेवताना ठसका लागावा तसा. तिसऱ्यावर पाय पूर्ण दाबूनही इंजिनात जीव येईना, आणि मग दोन-तीन आचके देऊन ती थांबली. मी हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकामागे दगड लावला. पहिल्या गिअरमध्ये रांगणाऱ्या ट्रकमधला क्लीनर ओरडला, ‘गरम झाली काय?’ झाली नव्हती. काटा मधोमध उभा होता.

पाच-सात मिनिटांनी ती चालू झाली, अर्धा किलोमीटर चढली आणि पुन्हा तेच. असं पाच वेळा करत आम्ही घाट ओलांडला. सुरूरला चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, ‘पुढच्या वेळी एसटीनं येऊ या.’ तिचं काही चुकत नव्हतं.

गाडी १९८३ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, तोंडात कायम फियाट. आमच्याकडे तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचं इंजिन, सोलेक्सचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला पाजणारा भाग. अण्णांनी ती १९८९ साली कराडच्या एका डॉक्टरांकडून घेतली, उसाच्या बिलातून. त्या वर्षी घराला रंग द्यायचा होता, तो राहिला. २०१४ला अण्णा गेले आणि गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आई ती नेमानं गोळा करायची. २०२२मध्ये मला हुक्की आली. टाकी काढली, आत खडी टाकून अर्धा दिवस हलवली, तांबूस पाण्यासारखं जे बाहेर आलं ते बघून दुकानदारानंही नाक दाबलं. ब्रेक, बॅटरी, टायर झाले, पुन्हा पासिंग करून घेतलं आणि गाडी पुण्याला आणली. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी उठली, तेव्हा वर्तमानपत्रांतले ते हळवे लेख वाचताना माझी कॉलर ताठ होती. आपल्याकडे चालू आहे म्हटलं! चालू होती ती सपाटीवर.

जुन्या गाडीचं इंजिन बंद पडतं तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो. करंट की पेट्रोल? हे ओळखायला यंत्रं लागत नाहीत, लक्ष लागतं. करंट जातो तेव्हा दिवा मालवल्यासारखा जातो. आत्ता होता, आत्ता नाही. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी आधी कुरकुरते, हिसके देते, पाय दाबला की उलट जास्त मरते, पाय उचलला की जरा सावरते. तेवढ्यात चोक ओढून बघायचा. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. उपाशी इंजिन असेल तर त्या क्षणी ते दोन घास खाल्ल्यासारखं पुढे सरकतं. मी घाटात चोक ओढला होता. गाडीनं खरंच वीस-तीस फूट ओढ घेतली होती. म्हणजे उत्तर मला तिसऱ्याच वळणावर मिळालं होतं. पण मिळालेलं उत्तर मानायचं कसं, हे काही मला शिकवलेलं नव्हतं.

कारण पुण्यात परतल्यावर मी पहिल्यांदा काय बदललं असेल, तर कॉइल. मग कंडेन्सर. मग पॉइंट आणि चारही प्लग. सगळं करंटच्या बाजूचं. ज्या गॅरेजमध्ये नेली तिथला मुलगा हुशार होता, पण त्यानं आयुष्यात कार्बोरेटरची गाडी हाताळली होती ती दहा-बारा; त्याला लॅपटॉप लावायला जागा सापडेना, म्हणून तो बावरला होता. मीही बावरलो होतो. दोन बावरलेली माणसं एकत्र आली की सुटे भाग विकणाऱ्याचं भलं होतं.

मग आला कार्बोरेटर. हा भाग मात्र मला कबूल करायला आवडतो, की कारण चुकीचं असलं तरी कार्बोरेटर उघडण्यात मजा आली. एका रविवारी बाल्कनीत जुनी चादर अंथरली आणि सोलेक्सची वाटी उघडली. वाटी म्हणजे फ्लोट चेंबर. जेमतेम अर्धा कप पेट्रोल मावेल एवढी जागा. त्यात एक पोकळ फ्लोट तरंगत असतो. पेट्रोल वर आलं की फ्लोट वर येतो आणि टोकदार सुईनं येण्याचं भोक बंद करतो, खाली गेलं की उघडतो. संडासच्या फ्लश टाकीत जो गोळा असतो त्याचाच हा धाकटा भाऊ. वाटीच्या तळाशी बोटाच्या पेरापेक्षा लहान पितळी जेट, पेट्रोल मापून सोडणारा. त्याच्यावर आकडे कोरलेले, ते वाचायला मला चष्म्यावर भिंग धरावं लागलं. जेटच्या भोकात तार घालायची नाही, हे मला कुठूनसं माहीत होतं. तारेनं भोक रुंदावतं, आणि केसभर रुंदावलं तरी गाडी पेट्रोल ढोसायला लागते. मी ब्रशचा एक नायलॉनचा दोरा काढून तो आरपार घातला. तळाशी तपकिरी साय होती, जुनं पेट्रोल सुकून उरलेला राळेसारखा थर. तो काढला. नवी सुई, नवी गास्केटं बसवली. वरच्या तोंडातून आत बघत ॲक्सिलरेटरची दांडी हातानं ओढली, तर आतल्या नळीतून पेट्रोलची बारीक धार सपकन उडाली. वाटीत पेट्रोल आहे की नाही हे बघायची ही सगळ्यात सोपी खूण. धार उडाली म्हणजे वाटी भरलेली.

गाडी गल्लीत घड्याळासारखी चालली. पुढच्या शनिवारी कात्रजच्या जुन्या घाटात बंद पडली.

आता इथे जरा हिशेब मांडतो, कारण तो मी तेव्हाच मांडायला हवा होता. साठाच्या वेगानं चालताना गाडी लिटरला बारा किलोमीटर देते असं धरलं, तर तासाला पाच लिटर लागतात. मिनिटाला साधारण ८३ मिलिलिटर. घाटात, खालच्या गिअरमध्ये, पाय दाबलेला असताना याच्या दुप्पट धरा. वाटीत असतं अर्धा कप. म्हणजे मागून येणारं पेट्रोल बंद झालं तर घाटात वीस-पंचवीस सेकंदांत वाटी कोरडी. गल्लीत, सिग्नलला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये इंजिन इतकं कमी पितं की मागचा पुरवठा लंगडत असला तरी वाटी रिती होत नाही. म्हणून गल्लीत घेतलेली ट्रायल म्हणजे बसल्या जागी नाडी बघणं. जिना चढायला लावल्याशिवाय दम कळत नाही.

मग पंप. जुन्या गाड्यांमध्ये पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. मिस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात, आणि एअर कंडिशनरशी त्याचा काही संबंध नाही. आत रबरी पडदा. कॅमशाफ्टवरचा एक उंचवटा फिरत फिरत एका दांड्याला टपल्या मारतो, दांडा पडदा खाली खेचतो, त्या खेचण्यानं टाकीतलं पेट्रोल ओढलं जातं. कॅमशाफ्ट इंजिनच्या निम्म्या वेगानं फिरते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर पडदा सेकंदाला पंचवीस वेळा खाली-वर. यात मला आवडलेली गोष्ट पुढे आहे. दांडा फक्त खेचतो. ढकलण्याचं काम पडद्याखालची स्प्रिंग करते. वाटी भरली, सुईनं भोक बंद केलं, की स्प्रिंगला पुढे ढकलता येत नाही; पडदा खालीच राहतो आणि दांडा नुसता हवेत टपल्या मारत बसतो. मागितलं तेवढंच द्यायचं, एक थेंब जास्त नाही. यात वायर नाही, सेन्सर नाही, नुसती स्प्रिंग, आणि दाब तीनेक पाउंडांचा. टायरमध्ये पंचवीस भरतो, त्याच्या आठव्या हिश्श्याइतका.

पडदा फाटला तर पेट्रोल खाली इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घेतला की कळतं, ऑइलची पातळीही वाढलेली दिसते. मी वास घेतला. ऑइलला ऑइलचाच वास होता. तरी नवा पंप बसवला. का? कारण तोवर मला बदलण्याची सवय लागली होती.

तेवढ्यात इथेनॉल आलं. म्हणजे ते पेट्रोलमध्ये आधीपासून होतंच, पण आमच्या चर्चेत आलं. हल्ली जुनी गाडी खोकली तरी लोक इथेनॉलचं नाव घेतात. त्यात तथ्य आहे. पेट्रोल जाळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ पट. १९८३ सालच्या जेटला हे कुणी कळवलेलं नाही. तो जुन्याच मापानं वाढतो, आणि वीस टक्के इथेनॉल असलं की मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, मऊ करतं, टाकीतली जुनी राळ सोडवून पुढे पाठवतं, पाणी धरून ठेवतं आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट तळाला जाऊन बसतं. हे सगळं मी गणपतीत गावी जमलेल्यांना समजावून सांगत होतो, तर चुलते पानाला चुना लावता लावता म्हणाले, ‘म्हंजी आपल्याच उसानं घेतलेली गाडी, आन् तिला आपलाच ऊस पचंना व्हय?’ सगळे हसले. मीही हसलो. पण मनातून मला ते निदान सोयीचं वाटत होतं. सरकारी धोरणामुळे गाडी बंद पडते म्हटलं की आपली जबाबदारी संपते.

मग मी ओल्या फडक्याचाही प्रयोग केला. घाटात पंप तापतो, पेट्रोलचा हलका भाग नळीतच उकळतो, त्याची वाफ होते, आणि पंप वाफ ओढत बसतो. पेट्रोलमधले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांनाच उडायला लागतात, आणि ओढणीच्या बाजूला दाब कमी असल्यानं आणखी लवकर. जुने ड्रायव्हर यावर पंपावर ओलं फडकं टाकायचे. मी टाकलं, पाच मिनिटं थांबलो, गाडी चालू झाली. सापडलं! पण ती फडकं न टाकताही पाच मिनिटांनी चालू व्हायचीच. सेल्फ मारता मारता वाटी थोडीफार भरायची, बस. फडक्याला फुकटचं श्रेय मिळालं.

शेवटी दिवाळीत गाडी कराडला कोल्हापूर नाक्याजवळच्या मिस्त्रींकडे नेली. अण्णा तिच्या सगळ्या कामांना त्यांच्याकडेच जायचे. आता वय झालंय, गॅरेज मुलगा बघतो, मिस्त्री खुर्चीवर बसून असतात. कानानं कमी ऐकू येतं. चालू इंजिनच्या व्हॉल्व्ह कव्हरवर ते तळवा ठेवतात आणि डोळे मिटतात. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखं म्हणणार होतो, पण वैद्य निदान चेहऱ्याकडे तरी बघतो. त्यांनी गाडी ओळखली, मला नाही.

‘अण्णांचा धाकटा का थोरला?’

‘एकुलता,’ मी मोठ्यानं सांगितलं.

‘हां. काय म्हंतीया?’

मी सगळी यादी म्हणून दाखवली. कॉइल, कंडेन्सर, प्लग, कार्बोरेटरचं किट, पंप, दोन फिल्टर, इथेनॉल. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली की त्यांना ऐकूच आली नाही, कोण जाणे. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले.

‘सकाळी किती सेल्फ खाती?’

‘खूप. आठ-दहा वेळा मारावा लागतो. एकदा चालू झाली की मग दिवसभर पहिल्या सेल्फला.’

‘आन् टाकी फुल्ल आसताना घाटात मरती का?’

मी थांबलो. आठवून पाहिलं. पुण्याहून निघताना टाकी भरून घेतली होती त्या दोन्ही वेळी गाडी घाट चढली होती. मी त्याचा अर्थ लावला होता तो असा, की टाकीच्या तळाशी गाळ आहे, पेट्रोल कमी झालं की तो ओढला जातो. म्हणून तर दोन फिल्टर.

‘गाळ न्हाय,’ मिस्त्री म्हणाले. ‘हवा खाती.’

मग त्यांनी मुलाला सलाईन आणायला सांगितलं.

खरोखरची सलाईनची बाटली होती, प्लास्टिकची, तळाला कापलेली, तार बांधून बॉनेटच्या आकड्याला उलटी टांगायची. तिला नळी मात्र गवंड्याची जोडलेली. लेव्हल काढायला पाणी भरून धरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप. बाटलीत पेट्रोल भरलं आणि नळी आधी थेट कार्बोरेटरला लावली. पंपाला सुट्टी. मुलानं गाडी नाक्यावरून दोन किलोमीटर पळवून आणली. नाही मेली. म्हणजे कार्बोरेटर निर्दोष. मग नळी पंपाच्या येणाऱ्या तोंडाला लावली आणि पंपाची पुढची नळी पुन्हा कार्बोरेटरला. पुन्हा दोन किलोमीटर, पायाचा अंगठा जमिनीला टेकेपर्यंत दाबून. नाही मेली. पंपही निर्दोष. (हे वाचून कुणी घरी तापलेल्या इंजिनवर पेट्रोलची बाटली टांगू नये. मिस्त्रींच्या मुलाच्या मांडीवर अग्निशामक नळकांडं होतं, आणि तरी मी चार हात लांब उभा होतो.)

तीन महिने आणि हजारो रुपये घालून मी जे केलं नव्हतं ते पाऊण तासात झालं. त्यांनी गाडीचे दोन तुकडे केले, पंपाच्या पुढचा आणि पंपाच्या मागचा, आणि पुढचा तुकडा यादीतून काढून टाकला.

‘पण मागची नळी मी फुंकून बघितलीय,’ मी म्हणालो. ‘टाकीत बुडबुडे ऐकू आले. तुंबलेली नाही.’

‘तुंबलीया कोन म्हनतंय?’

मग त्यांनी बाटली काढली, टाकीकडून येणारी नळी पूर्वीसारखी पंपाकडे आणली, पण मध्ये फूटभर लेव्हल पाइप घातली आणि गाडी रेस करायला सांगितली. मी वाकून बघत होतो. पेट्रोल आलं, फिकट, सरबतासारखं. आधी नुसती एक लकेर. मग एक बुडबुडा आला, मुगाएवढा, नळीच्या वरच्या कडेला घासत पंपात शिरला. मग दोन. मुलानं पाय आणखी दाबला तशी मुगाची माळ झाली, माळेतले मणी एकमेकांत मिसळले, आणि नळीच्या वरच्या अर्ध्या भागात नुसती हवा धावायला लागली, खालच्या अर्ध्या भागात पेट्रोलचा ओहोळ. इंजिन हिसकायला लागलं. मिस्त्रींचा तळवा व्हॉल्व्ह कव्हरवर होता. त्यांनी नळीकडे बघितलंही नाही.

गोष्ट एवढीच होती. पंपाच्या पुढे पेट्रोल ढकललं जातं. तिथे नळीला चीर पडली तर ते बाहेर येतं, थेंब पडतो, वास येतो, फरशीवर डाग दिसतो. पंपाच्या मागे पेट्रोल ओढलं जातं. तिथे चीर पडली तर बाहेर काही येत नाही, बाहेरची हवा आत जाते. थेंब नाही, वास नाही, डाग नाही. मी तीन महिने गाडीखाली पुठ्ठा अंथरून गळती शोधत होतो, आणि पुठ्ठा रोज सकाळी कोरडा. सकाळचे आठ-दहा सेल्फ त्यातूनच: रात्रभरात चिरेतून हवा शिरायची आणि नळीतलं पेट्रोल टाकीकडे परत जायचं, मग सकाळी पंपाला ते पुन्हा पहिल्यापासून ओढून आणावं लागायचं. टाकी भरलेली असली की पातळी उंच, ओढायचं अंतर कमी, म्हणून चिरेतून हवा कमी यायची. दोन्ही खुणा माझ्यासमोर होत्या. मी त्यांचं गाळात रूपांतर केलं होतं.

चीर शोधायला गाडी खड्ड्यावर घेतली. मिस्त्री स्वतः उतरले नाहीत, मुलाला वरून सांगत होते. टाकीपासून निघालेली धातूची नळी मागच्या एक्सलच्या वर कमान घेऊन पुढे येत होती, सगळीवर गाडीच्या पोटाला मारतात तो डांबरासारखा काळा रंग. त्या कमानीत एके ठिकाणी रंग थोडा फुगीर होता. मुलानं पान्याच्या टोकानं तो खरवडला. आत धातूची नळी नव्हतीच. बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा होता, दोन्ही टोकांना तारेचे वेढे पकडीनं पिळून आवळलेले. तुकडा काठीसारखा कडक झालेला, एका टोकाला केसासारखी चीर, आणि तार त्यावर सैल फिरत होती. २०२२ला टाकी काढताना नळीला हिसका बसला असणार.

मिस्त्रींनी तो तुकडा हातात घेतला. तारेचे वेढे मोजल्यासारखे चाचपले.

‘हे माझं काम न्हाय,’ ते म्हणाले. एवढंच. जरा दुखावल्यासारखे.

तांब्याची नळी वाकवून बसवली, दोन नवे जोड, इथेनॉलला टिकणारी चार इंच रबरी नळी आणि चांगल्या क्लिपा पंपापाशी. साडेआठशे रुपये झाले. सलाईनचे पैसे लावले नाहीत. त्याच दुपारी मी एकटाच गाडी घेऊन पाटणच्या पुढे कुंभार्ली घाटाच्या माथ्यापर्यंत गेलो, टाकीत पाव पेट्रोल ठेवून, मुद्दाम. खाली चिपळूणच्या बाजूला उतरलो आणि परत चढलो. पूर्ण चढ, दुसऱ्या गिअरवर. एकदाही ठसका नाही. माथ्यावर थांबून मी बॉनेट उघडलं आणि काही कारण नसताना पंपावर हात ठेवून बघितला. चांगलाच चटका बसला.

तुकडा खिशातच होता. रात्री जेवताना ताटाशेजारी ठेवला, आईला दाखवायला म्हणून. तिनं तो उचलला, दिव्याकडे धरला, काळा रंग नखानं काढला. खाली पिवळा निघाला.

‘हा आपल्या फवारणीच्या पंपाचा पाइप हाय.’

मला तेव्हा ती रात्र आठवली. १९९६चा मे, मी अकरा वर्षांचा, गुहागरहून परत येत होतो. कुंभार्लीत खड्ड्यात मागचं चाक आपटलं, पाटा खणकन वाजला, थोड्या वेळानं गाडी थांबली. पेट्रोलचा वास. अण्णा पोटावर सरपटत गाडीखाली गेले, आईनं बॅटरी धरली होती आणि माझ्याकडे पदराचं टोक. चिपळूणला दुरुस्तीला नेलेला फवारणीचा पंप डिकीत होता, तो अण्णांनी मागवला, हे मला आठवत होतं. कशाला ते तेव्हा कळलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा कोपरं सोललेली होती. ‘झालं,’ म्हणाले आणि गाडी चालू केली.

‘दुसऱ्या दिवशी टोमॅटोला फवारायचं हुतं,’ आई म्हणाली. ‘पाइप कमी पडला. मी बोलले त्यांना. तर म्हनाले, कऱ्हाडात गेलो की मिस्त्रीकडून नळी बदलून घेतो आन् तुझा पाइप आणून देतो.’

‘मग?’

‘मग काय. गाडी चालत हुती.’

जेवण झाल्यावर मी तुकडा कचऱ्यात टाकायला निघालो, तर तिनं तो हातातून काढून घेतला आणि गोठ्याकडच्या दारामागे खिळ्याला अडकवला. तिथे जुने वॉशर, फाटका पट्टा, एका स्टोव्हची पिन असं बरंच काय काय लटकत असतं.

‘राहू दे,’ ती म्हणाली. ‘लागतो कधी.’